खांदेरीचा दिवा

अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालना जिल्ह्यातील राजूरकडे जाणारे रस्ते माणसांनी गजबजून जातात. राजुरेश्वर गणपतीचे मंदिर तेथे एका टेकडीवर आहे. कोणी जालन्याहून निघतो, कोणी भोकरदनकडून, कोणी आडवाटेच्या एखाद्या वस्तीवरून. आणि पुष्कळजण ही वाट पायीच चालतात. मध्यरात्र उलटते, बोलणी मंदावतात, लहान मुले वडिलांच्या खांद्यावर झोपी जातात. अशा वेळी एखाद्या वळणावर कोणीतरी हात वर करतो आणि म्हणतो, "तो बघा उजेड!" टेकडीवरचे दिवे अजून दूर असतात. त्यांच्या प्रकाशात पायाखालचा खाचखळगा काही दिसत नाही. तरीही चालणाऱ्याला दोन गोष्टी तत्काळ कळतात : जावयाचे ठिकाण कोणत्या दिशेला आहे, आणि अजून किती चालावयाचे आहे. दूरच्या दिव्याचे काम एवढेच असते. पण ते थोडे नव्हे.

राजूरपासून समुद्र तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथील कित्येक मुलांनी तो पाहिलेलाही नसेल. परंतु रात्री वाट चालण्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला समुद्रावरील नावाड्याची अडचण समजण्यास वेळ लागणार नाही. जमिनीवर वाट चुकली, तरी पायाखाली निदान जमीन असते. दूरच्या वस्तीवर कुत्रे भुंकले, तर त्या रोखाने जाता येते. अगदीच काही सुचले नाही, तर बांधावर बसून उजाडेपर्यंत थांबता येते. गलबताच्या तांडेलाला अशी सोय नसते. त्याने शीड उतरवले, तरी भरती-ओहोटीचा ओढ गलबताला नेतच असतो. समुद्रावर मैलाचे दगड नाहीत, पायवाट नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे जे धोक्याचे असते ते बहुधा दिसत नाही. ओहोटीला उघडा पडणारा खडक भरतीला हातभर पाण्याखाली जातो. त्याच्यावरून लाटा इतक्या सहज जातात, की तेथे काही आहे असे कोणास वाटू नये.

म्हणून फार प्राचीन काळापासून माणसाने किनाऱ्यावर आणि बेटांवर रात्री अग्नी पेटवून ठेवले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरासमोर, फारोस नावाच्या बेटावर, एक प्रचंड मनोरा उभारण्यात आला. त्याच्यावरचा जाळ दुरून जहाजांना दिसे. हा मनोरा प्राचीन जगातील सात आश्चर्यांत गणला गेला. भूकंपांनी तो पुढे कोसळला; पण त्या बेटाचे नाव मात्र टिकून राहिले. फ्रेंच भाषेत दीपगृहाला आजही 'फार' असेच म्हणतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही अनेक दीपगृहे आहेत. त्यांत खांदेरी बेटावरील दीपगृहाची कथा सर्वांहून निराळी आहे. ज्या खडकावर ते उभे आहे, तो खडक इतिहासात प्रथम गाजला तो जहाजांना वाट दाखविण्यासाठी नव्हे, तर त्यांची वाट अडविण्यासाठी.

मुंबई बंदराच्या मुखापासून दक्षिणेस, सुमारे वीस किलोमीटरांवर, दोन लहान बेटे आहेत. रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळ थळ नावाचे गाव आहे. त्या गावच्या किनाऱ्यावर उभे राहिले, म्हणजे ही दोन्ही बेटे समोर दिसतात. जवळची ती उंदेरी आणि तिच्यापलीकडची, खोल समुद्राकडची, ती खांदेरी. खांदेरीवर दोन टेकड्या असून मध्ये सखल भाग आहे. दक्षिणेकडची टेकडी अधिक उंच आहे. बेट इतके लहान, की चालत त्याला वळसा घालण्यास फार वेळ लागू नये. तेथे सोन्याची खाण नाही, की धान्य पिकविणारी जमीन नाही. तथापि या बेटासाठी इंग्रज, सिद्दी आणि मराठे वर्षानुवर्षे झगडले. याचे कारण त्याच्या जागेत आहे. दक्षिणेकडून मुंबईला येणारे जहाज खांदेरीवरून दिसल्यावाचून राहत नाही. वाटेच्या कडेला एखाद्या खेडूताचे लहानसे घर असावे आणि त्याच्या ओट्यावरून येणारा-जाणारा प्रत्येकजण दिसावा, तशी ही जागा आहे.

शिवाजी महाराजांनी हे नेमके ओळखले होते. त्या काळी मुंबई इंग्रजांच्या ताब्यात होती आणि जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आश्रित म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर लूटमार करीत असे. पावसाळ्यात सिद्दीचे आरमार मुंबई बंदरात आश्रयास जाई. इंग्रजांची इच्छा असो वा नसो, त्याला नकार देण्याचे धाडस ते करीत नसत. खांदेरीवर आपले ठाणे बसले, तर या दोघांवरही नजर राहील, असा महाराजांचा विचार होता. १६७२ साली त्यांनी बेटावर बांधकाम करण्याचा प्रयत्न केला. पण इंग्रज व सिद्दी या दोघांनीही विरोध केल्यामुळे ते काम सोडून द्यावे लागले.

सात वर्षांनी पुन्हा प्रयत्न झाला. १६७९ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मायनाक भंडारी हा आरमारी अधिकारी दीडशे माणसे आणि चार तोफा घेऊन खांदेरीवर उतरला. दिवस भर पावसाळ्याचे होते. खवळलेल्या समुद्रात इतक्या सामानासह कोणी बेटावर उतरेल, अशी अपेक्षा मुंबईत कोणी केली नसावी. मायनाकाच्या माणसांनी हाताला येईल तो दगड आणि माती रचून बेटाभोवती कोट उभारण्यास आरंभ केला. बातमी मुंबईस पोहोचताच इंग्रजांनी निरोप धाडला, की बेट आमचे आहे, ते सोडून जा. आपल्या धन्याची आज्ञा आल्याखेरीज आपण जाणार नाही, असे मायनाकाने उत्तर दिले आणि काम चालू ठेवले.

सप्टेंबरात इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. त्या महिन्याच्या १९ तारखेस लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प हा इंग्रज अधिकारी बेटावर उतरू पाहत असता मराठ्यांच्या माऱ्याने ठार झाला. त्याचे काही सोबती पडले व काही कैद झाले. मग मुंबईहून अधिक जहाजे आली. त्यांत 'रिव्हेंज' नावाचे मोठे लढाऊ जहाज होते आणि कॅप्टन केग्विनसारखा कसलेला दर्यावर्दी होता. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांचे आरमार दौलतखानाच्या आधिपत्याखाली किनाऱ्याकडून चालून आले. पन्नास-साठ लहान गलबते एकदम अंगावर येताना पाहून इंग्रजांची बरीच लहान जहाजे पळाली. 'डव्ह' नावाचे एक गलबत मराठ्यांच्या हाती लागले. 'रिव्हेंज'ने मात्र निकराने तोफा चालविल्या, मराठ्यांची काही गलबते बुडविली आणि उरलेल्यांना नागोठण्याच्या खाडीपर्यंत माघार घेण्यास भाग पाडले. त्या दिवसाचा जय कोणाचा, याविषयी मतभेद होऊ शकेल. पण प्रश्न त्या एका दिवसाचा नव्हताच. प्रश्न होता तो बेटावरच्या माणसांना भाकरी, पाणी, दारूगोळा आणि चुना पोहोचतो की नाही, हा.

आणि तो पोहोचत होता. येथे खांदेरीच्या इतिहासातील सर्वांत लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे. इंग्रजांची जहाजे मोठी, उंच आणि जड होती. त्यांना वारा लागे, खोल पाणी लागे. मराठ्यांची गलबते आणि मचवे लहान व उथळ तळाचे होते. वारा पडला तर ते वल्ह्यांनी हाकता येत, आणि कमरेइतक्या पाण्यातूनही निघून जात. ही गलबते दिवसा थळच्या बाजूला दबून राहत. रात्र झाली, की किनाऱ्याच्या आडोशाने निघत आणि वेढ्याच्या जहाजांमधून बेटाला लागत. तेथे सामान उतरवून पहाटेपूर्वी परत येत. त्यांच्याजवळ दिवा नव्हता, आणि असता तरी त्यांनी तो लावला नसता. ज्या कोळी-भंडाऱ्यांनी हे पाणी लहानपणापासून वल्हविले होते, त्यांना प्रत्येक खडकाची जागा लाटेच्या आवाजावरून ठाऊक होती. परक्याला जो अंधार अडवीत होता, तोच त्यांना झाकीत होता. एखाद्या सकाळी इंग्रज पाहत, तो कोट कालच्याहून उंच झालेला असे.

नोव्हेंबरअखेर सिद्दीचे आरमारही वेढ्यास येऊन मिळाले. तरी खांदेरी पडली नाही. शेवटी १६८० च्या आरंभी इंग्रजांनी महाराजांशी तडजोड केली व आपली जहाजे परत नेली. सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तेथे आपला कोट उभारला, आणि पुढे कित्येक वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा डागीत राहिली. त्याच वर्षी ३ एप्रिलला रायगडावर महाराजांचे देहावसान झाले. खांदेरी हे त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक होय.

यापुढील शतकाचा इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात खांदेरी हे मराठी आरमाराचे महत्त्वाचे ठाणे बनले. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१८ साली मोठ्या तयारीनिशी खांदेरीवर हल्ला केला, तोही फसला. कान्होजींचा मृत्यू १७२९ साली झाला. पुढे आंग्रे घराण्यात भाऊबंदकी माजली आणि आरमाराचे बळ ओसरत गेले. पेशवाई बुडाल्यावर, १८१८ साली, जे बेट इंग्रजांना लढून कधी घेता आले नव्हते, ते त्यांच्या हाती आले.

आता मुंबईभोवतीच्या समुद्रावर त्यांचा शत्रू उरला नव्हता. किल्ल्याचा उपयोग संपला. परंतु जागेचे महत्त्व संपले नव्हते, आणि खडकही जागच्या जागीच होते. शिडाच्या जहाजांबरोबर आगबोटी येऊ लागल्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला, त्यामुळे मुंबईच्या कापसाला अतोनात मागणी आली. बंदरातील ये-जा कितीतरी वाढली. जहाजे वाढली तसे अपघातांचे भयही वाढले. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला बंदराचे तोंड नेमके कोठे आहे, हे रात्री कळावे कसे? ज्या खडकावरून मराठे या जहाजांवर पाळत ठेवीत, तोच खडक जहाजांना दिसेल असा केला, म्हणजे झाले.

त्याप्रमाणे खांदेरीच्या दक्षिणेकडील उंच टेकडीवर दीपगृह बांधण्यात आले आणि १८६७ साली त्याचा दिवा लागला. सुमारे २५ मीटर उंचीचा हा अष्टकोनी दगडी मनोरा एका इमारतीतून वर चढलेला आहे. खाली माणसांची राहण्याची जागा आणि माथ्यावर काचेची खोली. दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपातून मुंबईस येणाऱ्या आगबोटींची संख्या पूर्वीहून अधिक झाली. पुढे १८७५ साली कुलाब्याच्या दक्षिणेस, प्राँग्ज नावाच्या खडकांच्या रांगेवर, आणखी एक दीपगृह उभे राहिले.

मनोरा टेकडीवर आणि तोही उंच कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. पृथ्वी वाटोळी आहे, हे त्याचे उत्तर. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलाचे डोळे पाण्यापासून दीड मीटर उंच असतात. त्याला समुद्र सुमारे साडेचार किलोमीटरांपर्यंतच दिसतो; त्यापलीकडचे पाणी पृथ्वीच्या बाकाआड जाते. तोच मुलगा पाण्यापासून पन्नास मीटर उंचीवर चढला, तर त्याची दृष्टी २५ किलोमीटरांपर्यंत पोहोचते. दिव्याचेही असेच आहे. तो जितका उंच, तितका दुरून दिसतो. जहाजाच्या डोलकाठीवर चढलेल्या खलाशाला तो खालच्या माणसांच्या आधी दिसतो, त्याचेही कारण हेच.

पण उंचीने भागत नाही. उजेडही तितका हवा. एखाद्या कंदिलाची ज्योत मोकळ्यावर ठेवली, तर तिचा प्रकाश चहूकडे, वर आकाशात आणि खाली जमिनीवर, वाया जातो. तो सगळा गोळा करून एका सपाट पट्ट्यात समुद्रावर धाडण्याची युक्ती ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काढली. एकच जाड भिंग घेण्याऐवजी त्याने काचेची अनेक वर्तुळे आणि लोलक एकाभोवती एक असे बसविले. प्रत्येक लोलकाचा कोन असा, की त्याच्यावर पडणारा किरण वळून आडवाच बाहेर पडावा. १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआन दीपगृहात असे भिंग प्रथम लागले आणि थोड्याच वर्षांत ते जगभर गेले. भिंग मोठे म्हणजे किती? पहिल्या प्रतीच्या भिंगाच्या आत मनुष्य सहज उभा राहू शकतो. ते जड भिंग अलगद फिरावे म्हणून पुढे पुढे त्याला पाऱ्यावर तरंगत ठेवीत. मग बोटाच्या धक्क्यानेही ते फिरे.

भिंग फिरविण्याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. नुसता स्थिर दिवा दिसला, तर तो दीपगृहाचा, की किनाऱ्यावरच्या एखाद्या शेकोटीचा, की दुसऱ्या जहाजाचा, हे तांडेलाने कसे ओळखावे? भिंग फिरू लागले, की दुरून पाहणाऱ्याला प्रकाश चमकतो, नाहीसा होतो आणि पुन्हा चमकतो. किती सेकंदांनी चमकावे आणि लागोपाठ किती वेळा चमकावे, हे प्रत्येक दीपगृहासाठी ठरलेले असते. शेजारच्या दोन दीपगृहांचा ठेका कधीही सारखा ठेवीत नाहीत. हा ठेका नाविकांच्या नकाशात लिहिलेला असतो. खलाशी सेकंद मोजतो, नकाशा पाहतो आणि म्हणतो, ही खांदेरी. घरातल्या माणसाच्या खोकल्यावरून अंधारात कोण आले ते ओळखावे, तसाच हा प्रकार आहे. दिवसा दिवा निरुपयोगी. तेव्हा पांढऱ्या मनोऱ्याचा आकारच ओळखीची खूण होतो.

हे सगळे यंत्र माणसांच्या हातांवर चालत असे, हे आजच्या वाचकाला विसरता कामा नये. वीज नसलेल्या काळी दीपगृहात तेलाचे दिवे जळत. पुढे रॉकेलची वाफ करून ती जाळीवर जाळण्याची रीत आली. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून नेत असत ते गॅसबत्तीचे दिवे याच जातीचे. भिंग फिरविण्यासाठी घड्याळासारखे चक्र असे. त्याचे वजन साखळीला टांगलेले असे आणि ते हळूहळू मनोऱ्यातून खाली उतरत राही. ते तळाला पोहोचण्यापूर्वी हाताने गुंडाळून पुन्हा वर घ्यावे लागे. एका रात्रीत हे काम अनेकदा करावे लागत असल्यामुळे रक्षक पाळीपाळीने जागत. डोळा लागला आणि चक्र थांबले, तर दिवा जळत राही, पण त्याचा ठेका बिघडे. आणि ठेका बिघडलेला दिवा न लावलेल्या दिव्यापेक्षा वाईट. तो नाविकाला अंधारात ठेवीत नाही, तर चुकीच्या ठिकाणी नेतो.

सकाळ झाली, की रक्षकाला विश्रांती मिळे असे नाही. दिव्याची काजळी पुसणे, काचेवर बसलेले खारे पाणी मऊ फडक्याने काढणे, पितळेचे भाग घासणे, ही कामे सूर्योदयानंतर सुरू होत. रात्री उजेडाला भुलून काचेवर आदळलेले पक्षी सज्जात पडलेले आढळत. शेवटी भिंगाभोवती पडदे ओढून घ्यावे लागत. ही खबरदारी विचित्र वाटेल. परंतु जे भिंग आतला उजेड बाहेर धाडते, तेच बाहेरचे ऊन आत एकवटते, आणि पडदा विसरला तर दिव्याच्या खोलीत आग लागण्याचे भय असते.

पावसाळ्यात खांदेरीसारख्या बेटाचे जगणे आणखी कठीण होई. जूनपासून समुद्र खवळला, म्हणजे होडी बेटाला लावणे धोक्याचे ठरते. म्हणून तांदूळ, डाळ, पीठ, रॉकेल यांचा साठा आधीच करून ठेवावा लागे. समोर पाच किलोमीटरांवर थळचा किनारा, तेथील माड, घरांतून निघणारा धूर, सगळे काही डोळ्यांना दिसावे आणि तेथे जाता मात्र येऊ नये, अशी ही स्थिती. घरून आलेली चिठ्ठी आठवड्यांनी हाती पडे. कोणी आजारी पडले, तर समुद्र शांत होण्याची वाट पाहावी लागे. या माणसांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत. मायनाक भंडाऱ्याचे नाव निदान उरले. वजन गुंडाळणाऱ्या रक्षकांचे तेवढेही उरले नाही.

खांदेरीला जाणारा मनुष्य आजही या दोन्ही काळांतून चालत जातो. तटाबाहेर समुद्रात टाकलेल्या दगडांची रास आहे. ती लाटांचा जोर मोडते, आणि तिच्यावर वाढलेली धारदार कालवे अनवाणी पायांना वर येऊ देत नाहीत. आत लोखंडी चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या जुन्या तोफा आहेत. पाण्याची टाकी आहेत. एक खडक असा आहे, की त्याच्यावर दगड आपटला, तर भांड्यावर वाजवल्यासारखा खणखणीत आवाज येतो. मुलांना किल्ल्यापेक्षा तोच अधिक आवडतो, आणि ते स्वाभाविक आहे. वेताळाचे एक देऊळही येथे आहे. आसपासच्या कोळी बांधवांची या वेताळावर गाढ श्रद्धा असून ते होड्या घेऊन दर्शनास येतात. इंग्रजांनी मनोरा बांधला तेव्हा देव तेथे होता, आणि मासेमारीला निघालेला कोळी आजही दिव्याकडे आणि देवाकडे एकाच वेळी पाहतो.

दिवा असला म्हणून समुद्र सौम्य होतो असे मात्र नाही. १९४७ सालच्या जुलै महिन्याच्या १७ तारखेस 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येचा दिवस होता, पुष्कळजण सणासाठी गावी चालले होते. सकाळचा उजेड होता. वाट ठाऊक असलेली होती. काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात लाटांनी बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. थळ, रेवस, अलिबाग या भागातील कितीतरी घरांत त्या दिवशी दिवा लागला नाही. दीपगृह खडक कोठे आहे ते सांगते. वारा किती येणार आणि बोटीत किती माणसे बसवावीत, हे दुसऱ्या कोणीतरी पाहावयाचे असते.

स्वातंत्र्यानंतर दीपगृहांची व्यवस्था उत्तरोत्तर सुधारत गेली. विजेचे दिवे आले, मग सूर्याच्या उन्हावर चालणारे आले. साखळीला टांगलेले वजन गेले आणि त्याबरोबर रात्रभर ते गुंडाळणारे हातही गेले. दीपगृहांचा १९२७ चा कायदा जाऊन २०२१ साली नवा कायदा आला. मोठ्या जहाजांना आता उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा काही मीटरांच्या आत कळते. तेव्हा दिव्याचे काय काम उरले, असे कोणी म्हणेल. अनुभवी नाविक तसे म्हणत नाही. यंत्र बिघडते, वीज जाते, संदेश चुकतो. अशा वेळी डोळ्यांनी पाहिलेली खूण पडताळ्यास लागते. शिवाय प्रत्येक लहान होडीवर महागडे यंत्र असतेच असे नाही.

१९९८ साली या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, आणि दीपगृहही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. ज्या दर्यासारंगाला इंग्रज आपल्या कागदपत्रांत चाचा म्हणून संबोधीत, त्याचे नाव आता जगभरच्या नाविकांच्या पुस्तकांत वाट दाखविणाऱ्या दिव्याला लागले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केले. त्यांत रायगड, राजगड, सिंधुदुर्ग अशा थोर नावांबरोबर दगड-माती रचून पावसात उभा केलेला हा लहानसा कोटही आहे.

थळच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळी उतरविण्याची गडबड संपत आलेली असते. सूर्य बुडाल्यावर प्रथम उंदेरी काळी पडते, मग खांदेरीच्या दोन टेकड्या एकमेकींत मिसळतात आणि शेवटी तट दिसेनासा होतो. थोडा वेळ तेथे काहीच नसते. मग दक्षिणेच्या टेकडीवर उजेड चमकतो आणि जातो. किनाऱ्यावरची मुले मोठ्याने आकडे मोजू लागतात. त्यांचा आकडा पुरा होतो न होतो, तोच तो पुन्हा चमकतो.